पहिलं शिलाई मशीन : सोलापुरातल्या घरगुती शिवणकामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

शिलाई मशीन घ्यायचं, एवढं घरात सगळ्यांच्या मते ठरलं. होम मैदानावर सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा अजून चालू आहे, रस्त्यांवर गर्दी आहे, म्हणून दुकानं पुढच्या आठवड्यावर टाकली आणि आज नुसती वही घेऊन बसले. मशीन कोणतं, हा प्रश्न नंतरचा. काय शिवायचं, ते आधी.

आईच्या आणि आजीच्या जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या. घरात नेसायच्या साड्यांखालचे परकर. उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या. भाचीसाठी झबली आणि फ्रॉक. अधूनमधून जीन्सची उंची कमी करणं. ब्लाउज यादीत नाही. तो बेतायला वेगळा हात लागतो, निदान वर्षभर शिंप्याकडेच जाईल. टी-शर्ट, लेगिंग असलं ताणलं जाणारं कापडही नाही.

यादी परत वाचली तर जवळजवळ सगळं काम सरळ टिपेचं निघालं. सरळ टिपेपलीकडचं काही लागेल ते दोनच ठिकाणी : कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून, आणि काजाला. कड आत दुमडून दुहेरी टीप मारता येते किंवा इंटरलॉक करून देणाऱ्याकडे नेता येते, ते आमच्या गल्लीतच आहेत. फ्रॉकला काजाऐवजी प्रेसची बटणं चालतील. हे लिहून काढल्यामुळे दुकानदारासमोर बसताना पाय जमिनीवर राहतील असं वाटतंय.

२५ जानेवारी

आत्याकडे गेले होते. ती शाळेचे गणवेश शिवते. सोलापूरचे गणवेश देशभर जातात; कारखान्यात थरांवर थर लावून कापड कापतात आणि शिवायला अनेक घरांत वाटतात, नगावर पैसे. तिच्याकडे जुकी पद्धतीचं मोठं मशीन आहे. चार फूट लांब टेबल, खाली मोटर, गुडघ्याने ढकलायची पट्टी. ती ढकलली की कापड दाबून धरणारा फूट वर उचलला जातो आणि दोन्ही हात कापडावरच राहतात. मशीनच्या पोटात तेलाची तबकडी असते, तिथून तेल आपोआप वर चढतं.

अशा कारखानी मशीनचा वेग मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत जातो. आत्याने शर्टाची बाजू जोडली, मी श्वास घेईपर्यंत काम संपलं होतं. मलाही बसवलं. तिच्या मशीनला जुन्या पद्धतीची क्लच मोटर होती, ती चालू केल्यापासून सतत फिरत राहते आणि पाय थोडा पडला की मशीन धावतं. आता सर्वो मोटर मिळते, तिचा वेग कमी करून ठेवता येतो, वीजही कमी खाते आणि काम नसताना ती गप्प असते.

"तुला हे कशाला गं?" आत्या म्हणाली. "दिवसभर एकच काम करायचं असंल तर हे. तू रविवारी एक अभ्रा शिवणार. आन् हे एका जागी बसलं की बसलं, हलवायचं नाव नाही. तुमच्या हॉलमध्ये ठेवलंस तर पाहुणे कुठं बसायचे?"

ते बरोबरच आहे. पण तिच्याकडून एक गोष्ट घेऊन आले. ती म्हणाली, दुकानात मशीन बघायला जाशील तेव्हा त्यांच्या कापडावर बघू नको, स्वतःचं कापड घेऊन जा. दुकानात कडक, खळ लावलेल्या सुती तुकड्यावर टीप दाखवतात, आणि त्या तुकड्यावर कुठल्याही मशीनची टीप चांगलीच दिसते.

२ फेब्रुवारी

पिशवीत तुकडे भरले : जुन्या मलमलचा एक, आईच्या साडीचा मोठा तुकडा (सहा-आठ घड्या करण्यापुरता), जीन्सची कापलेली खालची दुमड, बनियनचं कापड, आणि चाटी गल्लीतून आणलेलं मांजरपाट. नवी पेठेत विजेवर चालणारी घरगुती मशीनं बघितली. उषा जनोम, सिंगर, ब्रदर, सगळी पांढरी, सुबक, हाताला धरून उचलता येणारी. किमती साधारण नऊ-दहा हजारांपासून वर चढत जातात, आणि त्या चढतात त्या बहुतेक टाक्यांच्या नमुन्यांवर. दुकानातल्या मुलीने पानाफुलांची, शिंपल्यांची नक्षी काढून दाखवली. मन लावून दाखवत होती. पण माझ्या यादीत शिंपले नाहीत, म्हणून तिला माझे तुकडे दिले.

मलमलवर टीप सुंदर आली, एकसारखी, कापड न चुरगळता. बनियनच्या कापडावर झिगझॅग मारून ते ओढून पाहिलं, दोरा तुटला नाही. हे सरळ टिपेला जमत नाही. ताणल्यावर कापड लांबतं, सरळ टीप लांबत नाही, मग ती तटकन तुटते. साडीच्या घड्यांवर फुटाखाली कापड सरकवायलाच जोर लागला. जीन्सच्या जाड जोडावर मोटर गुणगुणत थांबली, चाक हाताने फिरवून तेवढे टाके काढावे लागले. ती मशीनची लबाडी नाही. हलकं घरगुती मशीन ज्या कामासाठी बनवलंय ते काम ते उत्तम करतं.

पायाच्या पेडलवर मी एकच गोष्ट तपासली : अगदी अलगद दाबून एक टाका टाकून थांबता येतं का. काही मशीनांवर आलं. काहींवर पाय टेकताच चार-पाच टाके पुढे. नवशिक्याला कोपऱ्यावर वळताना, नेफ्याच्या तोंडाशी, फ्रॉकच्या गळ्याला नेमका हा एक टाकाच लागतो. माझ्या मते टाक्यांचे नमुने किती, यापेक्षा हा प्रश्न शंभर पटींनी महत्त्वाचा आहे, आणि तो दुकानात कुणीच स्वतःहून काढत नाही.

९ फेब्रुवारी

आज काळी मशीनं. लोखंडी पायावरची, चाक आणि चामड्याचा पट्टा असलेली. आजोळी होतं तसंच.

ही रचना मुळात सिंगरच्या एकोणिसाव्या शतकातल्या 'पंधरा नंबर' नमुन्यावरची. इलायस होवेने दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट १८४६ मध्ये घेतलं, आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, सुई वर यायला लागली की तिच्यामागे दोऱ्याची छोटी कडी पडते, शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचं टोक ती कडी पकडून बॉबिनभोवती, खालच्या दोऱ्याच्या चकतीभोवती फिरवतं, आणि वरची पट्टी दोरा ओढून टाका घट्ट करते. काळ्या मशीनचं झाकण उघडून चाक हळूहळू फिरवलं तर हे सगळं डोळ्यांसमोर घडताना दिसतं. मी दुकानात उभी राहून कितीतरी वेळ तेच बघत होते. यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद म्हटलं होतं, ते उगाच नाही.

आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' काढलं. आज काळी मशीनं आणि त्यांचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर लुधियान्यात बनतात, त्यामुळे नावं पुष्कळ आहेत आणि आतला सांगाडा एकच. दोन प्रकार दिसले. घरगुती हलकं, आणि 'टेलर' म्हणून विकतात ते जरा जड. पायासकट सात ते नऊ हजारांच्या आसपास सांगितले.

तेच तुकडे काढले. मलमलवर टीप चांगली, फक्त बारीक सुई लावायला सांगावं लागलं. बनियनच्या कापडावर टीप सुटली, अपेक्षेप्रमाणे. साडीच्या आठ घड्या 'टेलर' मशीनने काही न म्हणता शिवल्या. जीन्सच्या जोडावर मी चाक हाताने धरलं होतं, पण गरज पडली नाही. डोकंच जड असतं, चाकाला वजन असतं, ते वजन सुईला कापडातून पार नेतं. पायडल मात्र मला जमेना. पाय पुढे-मागे झाला की चाक उलटं फिरतं. दुकानदार म्हणाले, "ताई, ते आठ दिवसांत येतं, सगळ्यांनाच येतं."

१६ फेब्रुवारी

आजची भेट सगळ्यात कामाची. मधल्या मारुतीजवळ मशीन दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसतात, आत्याची सगळी कामं त्यांच्याकडे. त्यांना मी मामाच म्हटलं. विचारलं, तुमच्याकडे दुरुस्तीला काय येतं?

त्यांनी समोरच्या फळीकडे बोट केलं. काळ्या मशीनांचं बहुतेक काम सुई, तेल, पट्टा आणि बॉबिन केस एवढंच. कुणी खोबरेल तेल घातलेलं असतं, कुणी स्वयंपाकाचं. ते वाळून डिंकासारखं होतं आणि चाक जाम होतं. मशीनला फक्त मशीनचंच पातळ पांढरं तेल. बॉबिन केस, शटल, टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची स्प्रिंग हे भाग पंधरा नंबरच्या मापाचे असल्याने अक्कलकोटलाही मिळतील आणि बार्शीलाही. विजेवरच्या मशीनांचं काम ते करतात, पण आतला प्लास्टिकचा दात तुटला किंवा सर्किट गेलं तर कंपनीचाच भाग मागवावा लागतो, मशीन तितके दिवस पडून राहतं.

"मशीन आवडीचं घ्या," मामा म्हणाले, "पण आधी मिस्त्री बघा कोण आहे. मिस्त्री जवळ नसंल तर कितीबी चांगलं मशीन असू द्या, चादरीखाली झाकलेलं असतंय."

सुयांचं त्यांनी नीट शिकवलं. घरगुती मशीनला, काळं असो वा पांढरं, सुईचा दांडा एका बाजूने सपाट लागतो. कारखानी मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो. ती सुई इकडे चालत नाही, आत्याच्या डब्यातून उचलून आणायची नाही. काळ्या मशीनला सपाट बाजू डावीकडे ठेवायची आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. पांढऱ्या घरगुती मशीनांना सपाट बाजू मागे, दोरा पुढून मागे. नंबर कापडाप्रमाणे : मलमल-व्हॉईलला अकरा, पॉपलिन आणि साध्या सुतीला चौदा, गोधडी आणि जाड कापडाला सोळा, जीन्सला सोळा किंवा अठरा. टाके सुटायला लागले की मशीन उघडायच्या आधी सुई बदलायची. बोथट, वाकलेली किंवा उलटी बसलेली सुई, या तिन्हीमुळे टाका सुटतो, आणि लोक मात्र पूर्ण मशीन खांद्यावर घेऊन दुकानात येतात.

२३ फेब्रुवारी

ओळखीतल्या एकांकडे जुनं काळं मशीन विकायचं आहे असं कळलं, बघून आले. मामांनी सांगितलेल्या क्रमाने तपासलं. दोरा काढून, फूट वर करून चाक हाताने पूर्ण फिरवलं : कुठेही अडता कामा नये. सुई बसते तो मशीनचा उभा दांडा बोटांत धरून हलवला : डावी-उजवीकडे खुळखुळला नाही पाहिजे. फुटाखालच्या दात्यांवरून नख फिरवलं : दाते टोकदार लागले पाहिजेत, झिजून गुळगुळीत झाले असतील तर कापड पुढे सरकणार नाही. मशीन मागे कलवून शटलची जागा पाहिली, तिथला गंज वाईट. टाक्याची लांबी ठरवणारा दांडा वरच्या बाजूला नेला की कापड मागे येतं का, म्हणजे उलटी टीप बसते का, तेही पाहिलं.

यात तो उभा दांडा हलत होता आणि शटलच्या कडेवर गंजाचे खड्डे होते. नको म्हटलं. एरवी जुनं घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती. नीट वापरलेलं जुनं काळं मशीन हलक्या नव्यापेक्षा चांगलं शिवतं, हे मी या महिन्यात पुष्कळांकडून ऐकलं आणि आत्याच्या शेजारणीकडे पाहिलंही.

८ मार्च

'सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन' असे संदेश फोनवर परत फिरू लागलेत, खाली लिंक, वर पैसे भरायची विनंती. शेजारच्या ताईंनी मला विचारलं म्हणून इथे लिहून ठेवते. शिंपीकाम करणाऱ्यांसाठी खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम येतं. प्रशिक्षण मिळतं, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. नोंदणी आधारवर, सीएससी म्हणजे सरकारी सेवा केंद्रात होते. ताई घरून ब्लाउज शिवून देतात, त्यांनी जरूर चौकशी करावी. मी नोकरी करणारी, हौसेने शिकणारी. ती योजना माझ्यासाठी नाही आणि नसावीच.

१५ मार्च

ठरलं. काळं, 'टेलर' प्रकारचं, लोखंडी पायावरचं.

कारणं लिहून ठेवते, कारण घरात अजून चर्चा चालू आहे आणि भावाच्या मते मी विजेवरचं घ्यायला हवं होतं. त्याची बाजू कच्ची नाही. फ्लॅट लहान असेल, मशीन वापरून कपाटात ठेवायचं असेल, घरात लहान मुलांचे टी-शर्ट आणि लेगिंग शिवायचे असतील, पाय किंवा गुडघे दुखत असतील, तर विजेवरचं झिगझॅग मशीनच घ्यावं. त्यात मला जराही शंका नाही. माझी मैत्रीण ठाण्यात दहाव्या मजल्यावर राहते, तिला मी तेच सुचवलं.

पण माझ्या यादीतलं सगळ्यात मोठं काम गोधडी आहे. आठ-दहा थर. त्याला जड डोकं लागतं. दुसरं, मला हळू शिवायचं आहे. पायडलवर वेग माझ्या पायाचा असतो. मी थांबले की सुई थांबते, चाकावर हात ठेवला की ती कापडात रुतून थांबते. नवशिक्या माणसाला मशीनच्या वेगाची धास्ती बसली की हात कापडावर नीट पडत नाहीत, हे मी आत्याच्या मशीनवर स्वतः अनुभवलं. तिसरं, मामा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चौथं, उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, आणि मला वेळ मिळतो तो दुपारीच.

एक अट मात्र दुकानात घालायची : चाकाच्या खाली, मशीनच्या खांबाला मोटर बसवायची जागा आणि तिचं भोक असलेलं डोकं हवं. आज मोटर नको, पण उद्याचा रस्ता बंद नको.

३० मार्च

गुढीपाडवा. मशीन घरी आलं. दुकानदारांनी पट्टा माझ्यासमोर मापून कापला आणि तारेच्या कडीने जोडला. म्हणाले, चामडं वापराने लांबतं, सैल झालं की अर्धा इंच कापून पुन्हा जोडायचं. मशीन घरी आणल्यावर आईने कुंकू लावलं.

सोबत घेतलं ते : चौदा आणि सोळा नंबरच्या सुया, अकराची एक पुडी, धातूच्या जास्तीच्या बॉबिन, तेलाची बाटली, उसवायचं बारीक हत्यार, मोजपट्टी, खडू. कात्री चांगली घेतली, आठ इंची, आणि घरात जाहीर केलं की तिने कागद कापायचा नाही. दोऱ्यावर पैसे वाचवले नाहीत. स्वस्त रिळाच्या दोऱ्याला गाठी आणि सुटे तंतू असतात, ते टेन्शनच्या तबकड्यांत अडकतात आणि दोष मशीनवर जातो.

६ एप्रिल

अजून दोरा ओवलेला नाही. चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल केला की चाक फिरतं पण सुई हलत नाही. बॉबिन भरताना लागतो तो हाच स्क्रू. तो सैल करून नुसता पायडलचा सराव चाललाय. एक पाय जरा पुढे, दुसरा मागे, टाच आणि चवडा आळीपाळीने. सुरुवात नेहमी हाताने : चाक आपल्याकडे ओढायचं, ते फिरू लागलं की पायांनी साथ द्यायची. पायांनी आधी जोर केला की चाक कुठल्या दिशेने जाईल ते पायडल कुठे थांबलंय त्यावर असतं, म्हणून हात आधी.

मग स्क्रू घट्ट करून, जुनी सुई लावून, बिनदोऱ्याचा कागद. वहीच्या रेघांवरून सरळ भोकं पाडत जायचं. रेघ संपली की सुई कागदात रुतवून ठेवायची, फूट उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली. मग वाटीभोवती गोल रेघ काढून तिच्यावरून. दुकानदारांनी सांगितलेले आठ दिवस आईला लागले नाहीत, ती पहिल्याच दुपारी सुरात चालवू लागली. लहानपणी तिने तिच्या आईकडे चालवलं होतं, पायांना आठवत होतं.

१३ एप्रिल

दोऱ्याचा ताण. वर लाल दोरा, बॉबिनवर पांढरा, मांजरपाटाची दुहेरी पट्टी. ही युक्ती मामांची आणि ती प्रत्येक नवशिक्याने करावी अशी आहे, कारण दोन रंगांमुळे काय चुकतंय ते कापडच दाखवतं.

दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या मधोमध बसली पाहिजे. वर फक्त लाल, खाली फक्त पांढरा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त, खिट्टी थोडी सैल करायची. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी. आणि खाली लाल दोऱ्याचा गुंताच झाला, तर तो बहुधा खालचा दोष नसतोच : वरचा दोरा तबकड्यांमध्ये बसलेला नसतो. फूट खाली असताना तबकड्या मिटलेल्या असतात, म्हणून ओवताना फूट नेहमी वर. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटभर मागे धरून ठेवली की पहिल्या टाक्यांचाही गुंता होत नाही.

बॉबिनच्या बाजूचा बारीक स्क्रू मी मुद्दाम हलवला नाही. वरच्या खिट्टीने काम भागतं तोवर त्याला हात लावायचा नाही, असं मामांनी बजावलंय.

टाक्याची लांबी साधारण अडीच मिलिमीटर ठेवली, इंचाला दहा टाके. नेहमीच्या सुती कामाला हीच चालू ठेवणार.

४ मे

परकर झाला. आईच्या मापाचा, पांढऱ्या पॉपलिनचा, चार कळ्यांचा. कळ्या जोडताना तिरक्या कडेला सरळ कड लावायची असते, आणि तिरकी कड ओढली तर वाढते. म्हणून ती खाली, दात्यांच्या बाजूला ठेवली आणि हाताने न ओढता दात्यांनाच नेऊ दिली. नेफ्याच्या तोंडाशी उलटी टीप दोनदा. कडा गल्लीतून इंटरलॉक करून आणल्या, काही रुपयांचं काम.

ऊन भयंकर आहे. दुपारी वीज गेली तेव्हा पंखा बंद, मशीन चालू. मशीनला तेल घातलं : वरच्या सगळ्या भोकांत एकेक थेंब, मग डोकं मागे कलवून खालच्या जोडांवर, शटलच्या कडेवर एक. नंतर चिंधीवर टीप मारत बसले, तेल सुईवाटे उतरून स्वच्छ कापडावर येऊ नये म्हणून. दात्यांखाली सुताचा भुगा साचतो, प्लेटचे स्क्रू काढून तो ब्रशने झाडला. सोलापूरच्या धुळीत हे काम पंधरवड्याला करावं लागेल.

१५ जून

गोधडीच्या आधी दुपटं. भाचीच्या धाकट्या भावासाठी, आजीच्या नऊवारीचे मऊ थर, वर खणाची किनार.

थर सरकतात, ही खरी अडचण. खालचे दाते खालचं कापड पुढे ओढतात, वरचा फूट वरचं कापड दाबून धरतो, आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरचा थर बोटभर उरतो. उपाय आजीच्या काळचाच : जमिनीवर पसरून, मधून कडेकडे, सगळ्या थरांतून हाताने लांब धावदोरा घालायचा. मग मशीनची टीपही मधून सुरू करायची. फुटाचा दाब वरचा स्क्रू सैल करून कमी केला, टाका थोडा लांब केला, सुई सोळा. कडेच्या जोडावर आठाचे सोळा थर झाले तिथे चाक हाताने फिरवलं. मशीन अडलं नाही.

मोठ्या गोधडीचं गणित आता कळलं. सुईपासून खांबापर्यंत वीतभरही जागा नाही. पूर्ण गोधडी गुंडाळून तिथून सरकवणं कठीण आहे, म्हणून ती तीन पट्ट्यांत करायची, प्रत्येक पट्टी वेगळी शिवून शेवटी जोडायची. मधली आडवी नक्षी मात्र हातानेच घालणार. आईला तो धावदोराच आवडतो, आणि मलाही.

१३ जुलै

मोटरचा विषय निघाला, माझ्यासाठी नव्हे. आई रोज दुपारी मशीनवर बसते, पिशव्या शिवते, शेजारच्यांचे अभ्रे शिवते, आणि संध्याकाळी गुडघे धरते. तिचं शिवणं थांबू नये ही माझी इच्छा.

मामांना विचारलं. डोक्याला जागा आहे, मोटर खांबाला एका स्क्रूने बसते, रबरी पट्टा, पायाशी पेडल. पेडल हळू सुरू होणारं हवं हे मी आधीच सांगितलं. ते दोन-तीन प्रकार घेऊन येतील आणि आईच्या पायाला जे पटेल तेच ठेवतील. लोखंडी पाय तसाच राहील. वीज गेली किंवा मला गोधडीचा जाड जोड शिवायचा असला की रबरी पट्टा सैल करून चामड्याचा पट्टा परत चढवता येईल, त्याला दोन मिनिटं लागतात असं त्यांनी करून दाखवलं.

गुरुवारी येतो म्हणालेत. त्याआधी मशीन खिडकीजवळ हलवायचं आहे : उजेड डावीकडून पडेल असं, आणि प्लग आईला वाकावं न लागता पोचेल अशा जागी.